स्टेशन, छावणी आणि मोहल्ला : आपल्या शहरांची वाटणी कुणी आखली?

मानवतला रेल्वेने पहिल्यांदाच येणारा पाहुणा हमखास फसतो. ‘मानवत रोड’ची पाटी पाहून तो लगबगीने उतरतो, बाहेर येतो आणि विचारतो, “गाव कुठंय?” गाव तिथे नसतेच. ते अजून काही किलोमीटर लांब असते. नाशिक रोड, वसई रोड, अक्कलकोट रोड अशा सगळ्या ‘रोड’ स्टेशनांची गोष्ट हीच आहे. रेल्वेची रेघ ओढणाऱ्याला गाव महत्त्वाचे नव्हते. चढ-उतार, पूल, खर्च आणि माल एवढेच त्याच्या हिशेबात होते. गाव जिथे होते तिथे राहिले आणि त्याच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द चिकटला.

लहानपणी मला यात काही वावगे वाटले नाही. पुढे नोकरीसाठी पुण्याला गेलो, भाड्याने खोली शोधू लागलो, तेव्हा नकाशावरच्या रेघांचा अर्थ वेगळ्या रीतीने कळला. फोनवर भाडे ठरले, अनामत ठरली. शेवटी घरमालकांनी पूर्ण नाव विचारले. मी सांगितले. पलीकडे दोन क्षण शांतता, मग, “अहो, ती खोली आमच्या भाच्याने कालच दिली म्हणे.” असे तीनदा झाल्यावर ऑफिसातला एक सहकारी अगदी आपुलकीने म्हणाला, “तू कोंढव्यात का बघत नाहीस? तुमचे लोक तिथेच राहतात ना.”

तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरेच वाटत होते की पाण्याने उतारावर जावे तसे मुसलमान मुसलमानांच्या वस्तीत जातात. हाच समज पुढे जाऊन ‘त्यांना मिसळायचेच नसते’, ‘ते मिनी पाकिस्तान करतात’ अशा वाक्यांत बदलतो आणि मग शहराच्या पत्त्यावरून माणसाची देशनिष्ठा मोजली जाते. म्हणून प्रश्न पडतो की वस्त्यांची ही वाटणी निसर्गाने केली की कुणी कागदावर आखली?

जुनी शहरे समतेची होती का?

आधी एक कबुली दिली पाहिजे. इंग्रज येण्यापूर्वी आपली गावे एकोप्याची नंदनवने होती, असे म्हणणे खोटे ठरेल. महारवाडा, मांगवाडा गावाबाहेर ठेवणारा इंग्रज नव्हता. अळी, वाडा, पेठ, मोहल्ला या सगळ्यांवर जात आणि धंद्याची मोहोर होती. मुसलमानांतही मोमीनपुरा वेगळा, कसाबवाडा वेगळा, अशराफांच्या हवेल्या वेगळ्या होत्या. ‘आमच्यात जातपात नाही’ असे मिंबरावरून सांगणारे बिरादरीबाहेर सोयरीक करताना किती अडखळतात, हे आपण जाणतो.

तरीही जुन्या शहराची रचना आजच्यापेक्षा निराळी होती. आपल्या औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे उदाहरण घ्या. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली आणि नहरींतून पाणी आणले. पुढे औरंगजेबाच्या काळात शहराला तट आणि दरवाजे आले, तटाबाहेर पुरे वसले. या पुऱ्यांची नावे पाहा. जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगांचा, कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंहांचा, पदमपुरा त्यांच्या मुलाचा, पद्मसिंहाचा. त्यांच्या शेजारीच बेगमपुरा. पुरा वसायचा तो सरदाराच्या आश्रयाने. त्याच्या लष्करासोबत कारागीर, पुजारी, फकीर, व्यापारी यायचे. ही व्यवस्था सरंजामी होती, विषम होती. पण अमुक भाग हिंदूंचा आणि तमुक भाग मुसलमानांचा अशी त्या शहराची मूळ व्याकरणे नव्हती.

या शहराला खेटून एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची छावणी उभी राहिली. निजामाच्या खर्चाने पोसलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या हैदराबाद कंटिंजंटची ही छावणी. सरळ रस्ते, बंगले, परेडचे मैदान, चर्च आणि यांच्यापासून राखलेले अंतर. जुन्या तटबंदीच्या आत ‘शहर’ आणि बाहेर ‘कॅम्प’. मराठवाड्यातली माणसे अजूनही ‘छावणीत राहतो’ म्हणतात, तेव्हा एका वेगळ्या शिस्तीच्या जागेकडे बोट दाखवत असतात.

१८५७ चा धडा

ही वाटणी पक्की झाली ती १८५७ नंतर. औरंगाबादच्या छावणीतही त्या साली घोडदळाने बंड केले होते. मीर फिदा अलीला फाशी झाली आणि इतर सैनिकांना गोळ्या घातल्या गेल्या, तोफेच्या तोंडी दिले गेले. क्रांती चौकाजवळचा काळा चबुतरा त्याची आठवण सांगतो.

उत्तरेत सूड शहरावरच उगवला गेला. दिल्ली जिंकल्यावर इंग्रजांनी रहिवाशांना बाहेर हाकलले. हिंदूंना १८५८ मध्ये परत येऊ दिले, मुसलमानांना मात्र १८५९ पर्यंत ताटकळावे लागले. लाल किल्ला आणि जामा मशिदीच्या मधली वस्ती जमीनदोस्त झाली, अकबराबादी मशीद पाडली गेली. जामा मशीद सरकारजमा झाली, ती १८६२ मध्ये अटी घालून परत मिळाली. मिर्झा गालिब हे सगळे बल्लीमारानमध्ये बसून पाहत होते आणि मित्रांना पत्रांतून कळवत होते. लखनौमध्ये रॉबर्ट नेपियर या लष्करी इंजिनियरने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले. पुन्हा बंड झाले तर तोफा आणि पलटण शहराच्या पोटात नेता यावी, हा त्यामागचा हिशेब होता.

इथे पहिल्यांदा राहण्याचा हक्क धर्म पाहून दिला किंवा नाकारला गेला. शहरात परत येण्याच्या परवानगीला धर्माचा रकाना जोडला गेला. पुढे १८७२ पासून जनगणनेत धर्माचा रकाना आला, १९०९ मध्ये मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले. वस्ती, डोकी आणि मत या तिन्ही गोष्टी एकाच रकान्यात मोजल्या जाऊ लागल्या. आपण कोण, या प्रश्नाचे उत्तर देताना लोकही मग हळूहळू त्याच रकान्याची भाषा बोलू लागले.

हे केवळ हिंदुस्थानात घडले नाही. फ्रेंचांनी मोरोक्कोत १९१२ नंतर लियोते या अधिकाऱ्याच्या आणि आँरी प्रोस्त या नगररचनाकाराच्या हातून हेच केले. जुनी मदिना ‘जतन’ केली आणि बाजूला युरोपियनांसाठी नवे शहर बांधले. जतन म्हणताना चांगले वाटते. पण जतन केलेल्या शहराला नळ, गटार आणि वाढायला जागा मिळाली नाही.

प्लेग : कुणाची आठवण राहिली?

महाराष्ट्रात या कथेला वळण मिळाले ते प्लेगने. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. रोग्याला घरातून उचलून नेणे, घरे तपासणे, सामान जाळणे, सगळ्याला मुभा मिळाली. त्या काळातल्या अनेक अधिकाऱ्यांचे निदान असे की रोग घाणीत आहे, घाण दाट वस्तीत आहे आणि दाट वस्ती नेटिव्हांच्या सवयीत आहे. उंदीर आणि पिसवांचा संबंध सर्वमान्य व्हायला अजून काही वर्षे लागणार होती.

लोकांनी प्रतिकार केला. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला चढवला. २२ जून १८९७ ला पुण्यात चाफेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या. आणि ९ मार्च १८९८ ला मुंबईत रिपन रोडच्या भागात जुलाहे विणकर उठले. तपासणी पथक एका आजारी मुलीला घेऊन जाऊ पाहत होते, ते त्यांनी अडवले. दंगल पेटली, गोळीबार झाला.

या तीन घटनांचे कारण एकच होते. घराच्या उंबऱ्याच्या आत शिरणारे सरकार कुणालाच नको होते. बायका-मुलींना परक्यांनी हात लावणे कामगाराला, चित्पावनाला आणि मोमिनाला सारखेच असह्य होते. पण आपल्या राष्ट्रीय स्मृतीत काय उरले ते पाहा. चाफेकर आपल्या पाठ्यपुस्तकात आले आणि यायलाच हवे होते. आर्थर रोडचे कामगार कामगार चळवळीच्या अभ्यासकांपुरते उरले. विणकरांची नोंद मात्र ‘मुसलमानांचा दंगा’ म्हणून पोलिसांच्या इतिहासात गेली आणि तिथेच राहिली. राष्ट्रवादाच्या कथेत कुणाला प्रवेश द्यायचा, हे ठरवताना आपणही वसाहतीच्या दप्तरातलीच वर्गवारी वापरली. एकाचा प्रतिकार देशभक्ती ठरला आणि दुसऱ्याचा अडाणी कडवेपणा.

हा कायदा मेला नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा लागू झाला. आणि तेव्हाही रोगाला धर्म चिकटवला गेला. परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० च्या निकालात त्यांना बळीचा बकरा म्हणून निवडले गेल्याची शक्यता नोंदवली. सव्वाशे वर्षांत औषधे बदलली, पण संशयाची सवय तशीच राहिली.

सुधारणेचा हातोडा

प्लेगच्या पोटातून १८९८ मध्ये ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ जन्माला आला. शहर सुधारण्यासाठी जमिनी ताब्यात घेणे, दाट वस्त्या पाडणे, रस्ते काढणे, नवी उपनगरे आखणे ही त्याची कामे. त्यात सरकार, पालिका, बंदर आणि व्यापारी मंडळ यांचे प्रतिनिधी होते. ज्यांची घरे पाडायची त्या भाडेकरूंना जागा नव्हती. पहिली योजना नागपाड्याची. समुद्राची हवा पश्चिमेकडून दाट वस्तीत खेळावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे आडवे रस्ते शहराच्या पोटातून कापले गेले. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहिली. हवा खेळायला रस्ता झाला आणि माणसे आणखी गुदमरली.

ट्रस्टचे दुसरे काम अधिक दूरगामी ठरले. उत्तरेला दादर, माटुंगा, सायनच्या शेतजमिनी घेऊन त्यांनी प्लॉट पाडले. मध्यमवर्गाने इथे राहावे ही कल्पना होती. मध्यमवर्ग आला, पण तो जातीच्या आणि धर्माच्या गठ्ठ्याने आला. मंचेरजी जोशी यांनी ट्रस्टकडून पारशांसाठी प्लॉट राखून घेतले आणि दादर पारसी कॉलनी उभी राहिली. शेजारीच हिंदू कॉलनी झाली. माटुंग्याला दक्षिण भारतीय वसले. याच सुमारास सहकाराचा कायदा हाताशी आला होता. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. देशातल्या सुरुवातीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी ही एक.

या लोकांना मी खलनायक ठरवत नाही. नव्या शहरात स्वयंपाकाचे वास, सण, भाषा, लग्ने सगळे सांभाळायचे तर आपली माणसे शेजारी हवीत, ही इच्छा मानवी आहे. पण जुन्या अळीत आणि या कॉलनीत एक मोठा फरक होता. अळी परंपरेने चालायची, तिच्या भिंतीला भोके असायची. कॉलनीची भिंत कायद्याच्या पोटनियमात बांधली गेली. कोण सभासद होऊ शकतो हे आता छापील अक्षरांत आले.

आणि मुसलमान? शहरातला बहुसंख्य मुसलमान विणकर, खलाशी, गोदी कामगार, फेरीवाला, कसाई होता. प्लॉट घेण्याची ऐपत नव्हती. तो भेंडीबाजार, डोंगरी, मदनपुरा, नागपाडा इथेच राहिला. एका बाजूला ‘सुधारलेले’ शहर आणि दुसऱ्या बाजूला ‘सुधारायचे राहिलेले’ शहर असा फरक पडला. पुढच्या पिढ्यांना ते कारण दिसले नाही, परिणाम तेवढा दिसला. त्यांनी त्यालाच स्वभाव म्हटले.

रस्ता कुणाचा?

वस्तीनंतर रस्ता. मोहरमचे ताबूत मुंबई-पुण्यात हिंदूही उचलायचे. आमच्या मराठवाड्यातल्या कित्येक गावांत आजही सवारीला नवस हिंदू बायका बोलतात आणि जिथे मुसलमानाचे एकही घर उरलेले नाही अशा गावांतही पंजे बसतात. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली. जामा मशिदीच्या परिसरातून सुरू झालेल्या या दंगलीत ८० च्या आसपास माणसे मेली. त्यानंतर पुण्यात आणि मग सर्वत्र सार्वजनिक गणेशोत्सव पसरला, टिळकांनी त्याला राजकीय बळ दिले. ताबुतांकडे जाणारे हिंदू हळूहळू कमी झाले.

यात सरकारचा वाटा काय? मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाईल, मशिदीसमोर वाद्य वाजेल की नाही, किती वाजता संपेल, हे सगळे पोलिसांच्या परवान्यावर आले. परवाना देताना ‘पूर्वापार रिवाज’ काय हे पाहिले जाई. म्हणजे प्रत्येक समाजाला आपला रिवाज पुरावा म्हणून सिद्ध करावा लागे आणि त्यासाठी दरवर्षी तो जोरात करून दाखवावा लागे. शेजाऱ्याशी समजुतीने मिटणारी गोष्ट हक्काच्या दाव्याची झाली. १९११–१२ च्या सुमारास पोलीस कमिशनर एस. एम. एडवर्ड्स यांनी मोहरमच्या टोळ्यांवर कडक बंधने घातली आणि मुंबईचा तो जुना, सगळ्यांचा, थोडा दंगेखोर मोहरम संपत गेला. आज ‘संवेदनशील भाग’, ‘मार्गात बदल’, ‘मशिदीसमोर बंदोबस्त’ ही जी भाषा आपण वर्तमानपत्रात वाचतो, तिचा उगम या परवान्यांत आहे.

पण आराखडा म्हणजे नशीब नव्हे. ज्या जागा सत्तेने स्वतःसाठी आखल्या त्यांचा अर्थ लोकांनी बदललाही. मुंबईच्या किल्ल्यासमोर तोफांचा मारा अडू नये म्हणून मोकळी ठेवलेली एस्प्लनेडची जमीन. किल्ल्याचा तट १८६० च्या दशकात पडला, मैदाने उरली. त्यांतलेच एक आझाद मैदान झाले. ६ एप्रिल १९१९ ला रौलट कायद्याविरुद्धच्या हरताळाच्या दिवशी चौपाटीवर लोक जमले आणि तिथून मुसलमानांच्या आमंत्रणावरून गांधीजी आणि सरोजिनी नायडू मशिदीत जाऊन बोलले. ८ ऑगस्ट १९४२ ला गोवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ही घोषणा ज्यांच्या नावावर सांगितली जाते ते युसूफ मेहेरअली तेव्हा मुंबईचे महापौर होते. नकाशाने वेगळी केलेली माणसे मैदानात एकत्र येऊ शकत होती. आपला राष्ट्रवाद जेव्हा मैदानात घडला तेव्हा तो रुंद होता. गल्लीच्या तोंडाशी घडला तेव्हा तो चिंचोळा झाला.

आमच्या फलाटाची गोष्ट

आता पुन्हा मानवत रोडला येतो. कुणी म्हणेल, मराठवाड्यात इंग्रज कुठे होता? इथे निजामाचे राज्य, अव्वल तालुकदार निजामाचा, पैसा निजामाचा. खरे आहे. पण वसाहतीचा आराखडा संस्थानातही रुळांवरून आला. मनमाड ते सिकंदराबाद ही गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज १९०० च्या सुमारास सुरू झाली. ती चालवत होती ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’. नावातली ‘गॅरंटी’ म्हणजे निजामाने भागधारकांना दिलेली व्याजाची हमी. १९३० मध्ये निजाम सरकारने ही रेल्वे विकत घेतली.

संस्थानातल्या रेल्वेच्या जमिनीवरचा अधिकार इंग्रज सरकारकडे सोपवला गेला होता. त्यावरून गाजलेला एक खटला आहे. हैदराबाद संस्थानातल्या एका स्टेशनावर मुहंमद युसुफुद्दीन यांना सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटवर अटक झाली. १८९७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ही अटक बेकायदा ठरवली. रेल्वेच्या जमिनीवरचा अधिकार रेल्वेच्या कामापुरता आहे, त्याआडून इतर गुन्ह्यांसाठी माणूस पकडता येणार नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे फलाटावरची फरशी एका सत्तेची आणि फलाटाबाहेरची धूळ दुसऱ्या सत्तेची, असा तो मामला होता.

या रुळांनी आमच्या भागाचा चेहरा बदलला. कापूस मनमाडला जाई, तिथे मीटरगेजच्या डब्यातून उतरून ब्रॉडगेजच्या डब्यात चढे आणि मुंबई गाठे. ज्या गावांना स्टेशन चिकटले तिथे जिनिंग, मोंढे आणि अडत वाढली. मानवतचा बाजार कापसावर जगला, पण स्टेशनपर्यंतचे अंतर बैलगाडीने कापत. ही अडचण १९९० च्या दशकात ब्रॉडगेज येईपर्यंत आपल्या पाठीला होती. मराठवाडा मागास का, याची उत्तरे देताना आपण निजामाला बोल लावतो आणि तो लावण्यासारखा आहेच. पण हा भाग कुणाच्या बाजारासाठी आखला गेला, हेही विचारले पाहिजे.

याच रुळांवरून दुसरेही काही आले. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर याच मार्गावरचे, तेव्हा परभणी जिल्ह्यातले गाव. मराठी बोलणाऱ्या माणसांनी जबाबदार राज्यपद्धती मागायची, आपल्या भाषेत शिक्षण मागायचे, ही जाणीव अशा गावांतून आकाराला आली. त्याच काळात हैदराबाद शहरात १९१२ ला स्थापन झालेले सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड मुंबईच्या ट्रस्टच्या वाटेने वस्त्या पाडत, रस्ते काढत होते. १९०८ च्या मुसी नदीच्या पुराचे निमित्त होते. राजा आपला असला तरी आराखड्याची भाषा उसनी होती.

मग सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई आली. रझाकारांच्या अत्याचारांची किंमत ज्यांनी बंदूक कधी हातात धरली नव्हती अशा मुसलमानांनी मोजली. सुंदरलाल समितीने ते नोंदवून ठेवले आहे. सर्वांत जास्त झळ पोचलेल्या जिल्ह्यांत शेजारच्या नांदेडचे नाव आहे. भीतीने खेड्यातली घरे सोडून माणसे मोठ्या गावांतल्या मोहल्ल्यांत आली. भीतीने केलेल्या त्या मुक्कामालाही पुढे ‘त्यांची आवड’ म्हटले गेले.

पाट्या बदलल्या, पोटनियम राहिले

स्वातंत्र्यानंतर आपण रस्त्यांची नावे बदलली. सँडहर्स्ट रोडचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला. प्रिन्सेस स्ट्रीटचा शामळदास गांधी मार्ग झाला. एक हैदराबादच्या विलीनीकरणाचे सूत्रधार, दुसरे जुनागढच्या आरझी हुकूमतीचे प्रमुख. दोन्ही संस्थाने मुस्लिम राजांची. नव्या राष्ट्राने जुन्या रस्त्यांवर आपली स्मृती लिहिली, हा त्याचा हक्कच होता.

पण पाटीच्या खालचा रस्ता तोच राहिला. १९१५ चा बॉम्बे टाउन प्लॅनिंग ॲक्ट हा देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा. त्याच्या जागी १९५४ चा कायदा आला आणि पुढे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. सहकारी सोसायट्यांचे पोटनियमही टिकले. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सोसायटी १९२६ मध्ये, १९२५ च्या मुंबई सहकार कायद्याखाली नोंदलेली. सभासद फक्त पारशी असावा, हा तिचा नियम २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य, हा आधार. पारशांसारख्या अत्यल्प समाजाची चिंता मला समजते. पण तीच चावी बहुसंख्याकांच्या हाती लागली की तिने किती दारे बंद होतात, हे खोली शोधणाऱ्या पोराला विचारा. कुणी त्याला पोटनियम दाखवत नाही. त्याची गरजच उरलेली नाही. शंभर वर्षांत पोटनियम सवयीत उतरला आहे.

माझा त्या सहकाऱ्यावर राग नाही. त्याला कुणी हे सांगितलेच नव्हते. मलाही कुठे ठाऊक होते? आपण दोघेही एकाच आखलेल्या शहरात वाढलो. त्याच्या बाजूने भिंत दिसत नव्हती, माझ्या बाजूने दार दिसत नव्हते.

मग करायचे काय?

इतिहास लिहून मन मोकळे होते, वस्तीत नळ येत नाही. म्हणून दोन गोष्टी स्वतःलाच सांगतो.

पहिली, वस्तीच्या सुरक्षिततेला आपण संस्कृती समजू नये. दंगलींनी आपल्याला एकत्र लोटले हे खरे. पण त्यातच समाधान मानले तर ज्यांनी ही आखणी केली त्यांचे काम आपण फुकटात पुढे नेतो. मुलांनी मिश्र शाळेत जावे, घराने मिश्र वस्तीत जागा शोधावी, नकार मिळाला तरी पुन्हा शोधावी. आणि आपल्या वस्तीत दलित किंवा हिंदू भाडेकरू आला तर आपणही पूर्ण नाव विचारून दोन क्षण गप्प बसू नये.

दुसरी गोष्ट अगदी कोरडी आहे. प्रत्येक नगरपरिषदेचा विकास आराखडा असतो. मानवतसारख्या गावालाही तो लागू होतो. शाळा, दवाखाना, बाग, कब्रस्तान, स्मशान, रुंद रस्ता कुठे येणार हे त्यात ठरते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. जलशाला, उर्सला, निवडणुकीला आपण झुंडीने जातो. हरकतींचा अर्ज द्यायला जाणारे मात्र सापडत नाहीत. १८९८ च्या ट्रस्टमध्ये भाडेकरूला खुर्ची नव्हती. आज निदान अर्ज देण्याची खिडकी उघडी आहे. तिथे मोहल्ल्यातली पोरे, शेजारच्या भीमनगरातली पोरे आणि मोंढ्यातले हमाल एकत्र गेले पाहिजेत, कारण गटार या तिघांच्याही दारात तुंबते.

आपले राष्ट्र भाषणांत जितके घडले त्याहून जास्त ते रस्त्याच्या रुंदीत, नळाच्या वेळेत आणि घरमालकाच्या दोन क्षणांच्या शांततेत घडले आहे. ज्या देशात माणसाला राहायला जागा मागताना आपले नाव चोरावे लागत नाही, तोच देश त्याला आपला वाटतो.

मानवत रोडचे स्टेशन काही आता उचलून गावात आणता येणार नाही. पण स्टेशनापासून गावापर्यंतचा रस्ता आपल्या हातात आहे. तो कुठून जावा, कुणाच्या दारावरून जावा आणि कुणाला वगळून जाऊ नये, हे आता परका इंजिनियर ठरवत नाही. आपणच ठरवतो आणि म्हणून यापुढच्या चुकाही आपल्याच असतील.